हुकावरून परत जाणारी वीज

फ्रिजचा दरवाजा, कार्यालयातले लोखंडी कपाट, ॲल्युमिनियमच्या खिडकीची चौकट, इलेक्ट्रिक पॅनेलची पेटी, सायकलची फ्रेम या सगळ्यांवरचा रंग हल्ली बहुतेक वेळा डब्यातला ओला रंग नसतो. तो कोरड्या भुकटीच्या रूपात जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, जातो आणि भट्टीतून सलग, टणक कवच होऊन बाहेर येतो. रेझिन, त्याला घट्ट करणारे हार्डनर, रंगद्रव्य आणि थोडी पूरक द्रव्ये एकत्र वितळवून मळायची, थंड करून तुकडे करायचे आणि ते दळायचे, की ही पावडर तयार होते. म्हणजे तिच्या प्रत्येक कणात संपूर्ण रंग असतो. कण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे, त्यातले बहुतेक ३० ते ५० मायक्रॉनच्या आसपासचे. धातू १६० ते २०० अंश सेल्सियसला दहा ते वीस मिनिटे राहिला की कण वितळतात, एकमेकांत मिसळतात, रेझिनच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि थर पक्का होतो. ओल्या रंगातले द्रावक हवेत उडून जाते. इथे उडण्यासारखे जवळजवळ काही नसते. १९६६ साली लॉस एंजेलिस परगण्याने ‘नियम ६६’ करून हवेत सोडल्या जाणाऱ्या द्रावकांवर मर्यादा घातली. नंतरच्या दशकांत असे कायदे अनेक देशांत आले आणि पावडर कोटिंगचा पसारा वाढण्यामागे ते एक मोठे कारण ठरले.

द्रावक गेले, पण त्याबरोबर रंगाचा ओलावाही गेला. ओला रंग पत्र्याला आपोआप धरून राहतो. कोरडी भुकटी उभ्या पत्र्यावर टाकली तर खाली पडेल. जॉब फवारणीच्या बूथमधून भट्टीपर्यंत कन्व्हेयरवर हेलकावे खात जातो, तेवढा वेळ तिने तिथेच राहायला हवे. हे काम एक तर वीज करते, नाही तर उष्णता. पावडर लावण्याच्या सगळ्या पद्धती या दोहोंतून निघतात. त्यातल्या विजेच्या पद्धतीबद्दल कोटिंग करणाऱ्या कारखान्यांत एक समजूत घट्ट बसलेली आहे: पावडर फवारणारी गन जितकी जोरदार आणि व्होल्टेज जितके जास्त, तितकी पावडर चांगली बसते. कोपरा कोरा राहिला की किलोव्होल्ट वाढवायचे, पावडर खाली पडते आहे असे वाटले की पुन्हा वाढवायचे, आणि तरीही जमले नाही तर नवी गन घ्यायची. माझे म्हणणे असे, की यातला बराचसा खर्च चुकीच्या जागी होतो. पावडर किती बसेल आणि कुठे बसेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. जॉबवर आलेल्या विद्युतभाराला जमिनीत परत जायला मोकळी वाट आहे का, आणि गनमधून गरजेपेक्षा किती जादा भार सुटतो आहे. गन ही या साखळीतली महाग कडी आणि जॉब टांगायचा हूक ही सर्वांत स्वस्त. माझ्या मते लक्ष द्यायला हवे ते या स्वस्त कडीकडे.

सर्वाधिक वापर कोरोना गनचा होतो. तिच्या टोकाशी सुईसारखा इलेक्ट्रोड असतो आणि त्यावर साधारण ६० ते १०० हजार व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. हवा एरवी सेंटीमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टपर्यंत वीज अडवून धरते. सुईच्या टोकाशी मात्र विद्युतक्षेत्र इतके दाट होते की तिथली हवा तग धरत नाही. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटतात आणि ऋण आयनांचा ढग तयार होतो. दाबाच्या हवेबरोबर येणारी पावडर या ढगातून जाते तेव्हा तिच्या कणांवर आयन बसतात. एक कण किती भार घेऊ शकेल याचे गणित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पोथेनिए यांनी १९३० च्या दशकात मांडले: भार विद्युतक्षेत्राच्या प्रमाणात आणि कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि एका मर्यादेला पोचला की कणाचा स्वतःचा भारच नव्या आयनांना दूर लोटतो. असा भारित कण जमिनीशी जोडलेल्या जॉबजवळ आला की धातूत समोरासमोर विरुद्ध भार जमतो आणि कण खेचला जातो. रेझिन विद्युतरोधक असल्याने बसलेला कण आपला भार पटकन सोडत नाही, म्हणून तो चिकटून राहतो. एवढे सगळे बहुतेकांना ठाऊक असते. सहसा नजरेआड होते ते हे, की सुईपासून सुटलेल्या आयनांपैकी फार थोडे पावडरवर बसतात. बाकीचे मोकळेच क्षेत्ररेषा धरून थेट जॉबवर जातात. म्हणजे जॉबवर दोन गोष्टी येतात: भारित पावडर, आणि तिच्याहून कितीतरी जास्त असा नुसता भार.

हा भार जातो कुठे? जॉबमधून हुकात, हुकातून हँगरमध्ये, तिथून कन्व्हेयरच्या साखळीत आणि अखेर जमिनीत. प्रवाह अगदी थोडा असतो, काही दशक मायक्रोॲम्पिअर. म्हणूनच अर्थिंग थोडे कमीजास्त असले तर काय बिघडते, असे वाटते. शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे लावून पाहण्यासारखा आहे. जॉब आणि जमीन यांच्यातला रोध १ मेगॅओहमच्या आत असावा असा दंडक सर्वत्र मानला जातो. ५० मायक्रोॲम्पिअर प्रवाह आणि १ मेगॅओहम रोध असेल तर जॉबवर ५० व्होल्ट चढतील. गनच्या ८० हजार व्होल्टपुढे हा आकडा काहीच नाही. पण हाच रोध १,००० मेगॅओहम झाला तर गुणाकार ५० हजार व्होल्टवर जातो. मग गन उणे ८० हजारांवर, जॉब उणे ५० हजारांवर, आणि खेचायला उरले जेमतेम ३० हजार. प्रत्यक्षात एवढे व्होल्टेज चढण्याआधीच प्रवाह मंदावतो, भार धारदार कडांवरून हवेत गळतो किंवा ठिणगी पडते. निष्कर्ष मात्र बदलत नाही: जॉब पावडरला जवळ करण्याऐवजी दूर सारू लागतो. इथे गनचे व्होल्टेज वाढवणारा माणूस जॉबवर आणखी भार लोटत असतो, जो परत जाऊच शकत नाही. शिवाय १,००० मेगॅओहम हा काही ताणून सांगितलेला आकडा नाही. हूक आणि जॉब यांच्यामध्ये पक्क्या झालेल्या रंगाचा अखंड पापुद्रा आला तर रोध त्याच्याही वर जातो.

हा पापुद्रा येतो कसा हे हुकाच्या वाकणापाशी पाहावे. तिथे जॉबचे भोक टेकलेले असते. फवारताना जॉबइतकीच पावडर हुकावरही बसते आणि भट्टीत पक्की होते. एका फेरीत ६० ते ८० मायक्रॉन धरले तर पाच फेऱ्यांत तीनशे-चारशे मायक्रॉनचे कवच. नेमका टेकण्याचा बिंदू तेवढा झाकला जात नाही, पण पुढच्या फेरीत जॉब बरोबर त्याच बिंदूवर टांगला जाईल याची काय हमी? जड जॉब आपल्या वजनाने कवच फोडून धातूपर्यंत पोचतो. पातळ पत्र्याची क्लिप किंवा छोटा ब्रॅकेट पोचत नाही, तो रंगावरच झुलत राहतो. म्हणून एकाच हँगरवर शेजारी शेजारी टांगलेल्या दोन सारख्या जॉबपैकी एकावर भरपूर पावडर आणि दुसऱ्यावर विरळ असा प्रकार घडतो, आणि दोष फवारणाऱ्याच्या हाताला दिला जातो. उपाय साधे आहेत. हुकाला गोल वाकण ठेवण्याऐवजी तीक्ष्ण कड किंवा इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच द्यायची, म्हणजे टेकण्याची जागा अरुंद राहून दाब वाढतो. ठरलेल्या फेऱ्यांनंतर हूक भट्टीत जाळून, रसायनात बुडवून किंवा खरवडून साफ करायचे. आणि मोजायचे. साध्या मल्टिमीटरची बॅटरी काही व्होल्टची असते, तिच्या आकड्यावर इथे विसंबता येत नाही. ५०० व्होल्टचा मेगर लावावा लागतो आणि तोही हुकाला नव्हे, थेट टांगलेल्या जॉबला. यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. जमिनीपासून तुटलेला जॉब म्हणजे भार साठवणारा कपॅसिटर. १०० पिकोफॅरडचा जॉब १० हजार व्होल्टला चढला तर त्यात ५ मिलिज्यूल ऊर्जा साठते, आणि काही पावडरींचा दाट ढग पेटायला एवढ्याच पातळीची ठिणगी पुरते. बूथचे एक्झॉस्ट पंखे ढगाला स्फोटक दाटपणापासून दूर ठेवतात हे खरे, पण ठिणगी पडूच न देणे हा पहिला बंदोबस्त आहे.

यावर अनुभवी माणसे एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. सपाट पत्रा समोर धरून ४० किलोव्होल्टला फवारले आणि मग ८० ला फवारले, तर ८० ला जास्त पावडर बसते हे कुणालाही दिसेल. मग व्होल्टेजचे महत्त्व नाकारायचे कसे? नाकारायचे नाहीच. पोथेनिए यांच्या सूत्रातच क्षेत्र वाढले की भार वाढतो. पण हा फायदा सपाट पृष्ठभागावर, पहिल्या थरात आणि चांगल्या अर्थिंगवर मिळतो. थर चढू लागला की चित्र पालटते. बसलेली पावडर विद्युतरोधक, तिच्यावर मोकळ्या आयनांचा मारा चालूच, त्यामुळे थराच्या आतले क्षेत्र वाढत जाते. शेवटी कणांच्या फटींत अडकलेली हवाच फुटते आणि तिथून धन आयन उलटे गनच्या दिशेने निघतात. समोरून येणाऱ्या कणांचा भार ते मारून टाकतात, बसलेले कण उडवतात. याला बॅक आयोनायझेशन म्हणतात. भिंगातून पाहिले तर न भाजलेल्या थरावर बारीक खळगे दिसतात, मध्ये खोल आणि कडेने चांदणीसारखे फुटलेले. भट्टीत ते पुरते बुजत नाहीत आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत मागे राहतो. व्होल्टेज आणि प्रवाह जितका जास्त, तितकी ही अवस्था लवकर येते. नाकारलेल्या जॉबवर दुसरा हात मारताना अनेकांना जो त्रास होतो त्याचे मूळ इथेच आहे: खालचा थर आधीच पक्का आणि विद्युतरोधक असतो, भाराची परतीची वाट पहिल्या क्षणापासून बंद असते, आणि तिथे पूर्ण व्होल्टेज लावणे म्हणजे खळगे ओढवून घेणे. रिवर्कला व्होल्टेज आणि प्रवाह खाली आणावे लागतात. गन बनवणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. आजच्या चांगल्या गनमध्ये प्रवाहावर मर्यादा घालण्याची सोय असते, आणि काहींना टोकामागे जमिनीशी जोडलेले कडे बसवता येते. त्या कड्याचे काम एकच, मोकळे आयन जॉबवर पोचण्याआधी ओढून घेणे. जादा भार हा उपकारक असता तर तो पकडायला कडे विकले गेले नसते.

कोपऱ्यांचा प्रश्न याहून जुना आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली माणूस आत जाऊन बसेल एवढा पिंजरा बांधला, त्याला बाहेरून जबर विद्युतभार दिला आणि आत बसून मोजले, तर आत विजेचा मागमूस नव्हता. वाहकाने वेढलेल्या पोकळीत बाहेरचे क्षेत्र शिरत नाही. पॅनेलच्या पेटीचा आतला कोपरा, चॅनेलची खाच, वेल्ड केलेल्या दोन पट्ट्यांमधली बेचकी ही अर्धवट उघड्या पिंजऱ्यांसारखीच वागतात. क्षेत्ररेषा खाचेच्या काठावर संपतात, तळाशी जात नाहीत. पावडर त्यांच्या मागे जाते आणि काठावर थर जाड होतो, तळ कोरा राहतो. आता व्होल्टेज वाढवले तर काय होईल? काठावर आणखी पावडर, तिथे लवकर बॅक आयोनायझेशन, आणि तळाला पूर्वीइतकेच. इथे विजेचा जोर कमी करून हवेच्या झोताने कण आत न्यावे लागतात. प्रवाह १० ते २० मायक्रोॲम्पिअरपर्यंत खाली आणायचा, पसरट फवारा देणाऱ्या डिफ्लेक्टरऐवजी चपट्या फटीचा नोझल लावायचा, हवेचा दाब बेताचा ठेवायचा, कारण जोराची हवा तळावर आदळून बसलेले कणही उडवून नेते. मुरलेला कारागीर आधी खाचा आणि कोपरे भरतो आणि मग सपाट भागाकडे वळतो. उलट क्रमाने गेला तर कोपऱ्यात जास्त वेळ गन धरताना काठांवर थर चढत जातो. या क्रमाला जादा पैसा लागत नाही, पण नवख्या कामगाराला तो कुणीतरी शिकवावा लागतो, आणि जॉबवर्कच्या घाईत शिकवण्यालाच वेळ मिळत नाही ही खरी अडचण आहे.

मग ट्रायबो गनच का वापरू नये, असा पुढचा प्रश्न येतो. तिच्यात उच्च व्होल्टेज नसतेच. पावडर टेफ्लॉनच्या नळ्यांतून वेगाने घासत जाते, घर्षणाने इलेक्ट्रॉन टेफ्लॉनकडे जातात आणि कण धनभारित होऊन बाहेर पडतात. मोकळे आयन नाहीत, गन आणि जॉब यांच्यामध्ये तीव्र क्षेत्र नाही. त्यामुळे खाचांत कण सहज शिरतात, बॅक आयोनायझेशन उशिरा येते आणि पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो. रेडिएटर किंवा खोल पेटीसारख्या जॉबला ही पद्धत फार चांगली. पण परतीच्या वाटेचा नियम तिलाही सुटत नाही. टेफ्लॉनवर मागे राहिलेला ऋण भार जमिनीत गेला नाही तर तो साठत जातो आणि कणांचे भारित होणे मंदावते, म्हणून गनच्या आतल्या भागाचेही अर्थिंग चोख लागते. शिवाय प्रत्येक पावडर घर्षणाने सारखी भारित होत नाही. इपॉक्सी सहज होते, पॉलिस्टरला त्यासाठी वेगळे पूरक द्रव्य घालून घ्यावे लागते. नळ्या झिजतात, बदलाव्या लागतात. आणि दमट हवेत घर्षणाचा भार टिकत नाही. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ट्रायबो चालवायची तर बूथच्या खोलीतली आर्द्रता आटोक्यात ठेवण्याचा खर्च आधी धरावा लागतो. ओलसर पावडरचे गोळे होतात आणि हॉपरमध्ये, म्हणजे पावडरच्या टाकीत, ती नीट उसळत नाही, हा त्रास कोरोना गनलाही आहेच. म्हणून ट्रायबोला मी कोरोनाचा पर्याय म्हणणार नाही. ठरावीक आकाराच्या, मोठ्या संख्येने येणाऱ्या आणि एकाच पावडरच्या कामासाठी ती योग्य. दिवसाला चार रंग आणि चाळीस आकार येणाऱ्या शेडमध्ये प्रवाह आवरून चालवलेली कोरोना गनच बरी.

“पावडर खाली पडली तरी वाया जात नाही, परत वापरता येते” हे वाक्य विक्रीच्या माहितीपत्रकांत हमखास असते. ते खरे आहे, पण अर्धे. सायक्लोन आणि कार्ट्रिज फिल्टर लावून बूथमधली पावडर गोळा होते, चाळणीतून परत हॉपरमध्ये जाते आणि एकच रंग दिवसभर चालवणाऱ्या मोठ्या लाइनवर फारच थोडी वाया जाते. मात्र परत येणारी पावडर मूळ पावडरसारखी नसते. भार त्रिज्येच्या वर्गाने वाढतो आणि वस्तुमान घनाने, त्यामुळे वजनाच्या मानाने बारीक कणांवर भार जास्त असतो. तरी १० मायक्रॉनखालचा कण हवेच्या प्रवाहाबरोबर वाहत जातो, विजेची ओढ त्याला वळवू शकत नाही. मधल्या आकाराचे कण जॉबवर बसतात आणि गोळा झालेल्या पावडरमध्ये बारीक कणांचे प्रमाण वाढते. ती एकटी वापरली तर गन अडखळते, थर असमान होतो, म्हणून ताज्या पावडरमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. भोसरी, सातपूर किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान जॉबवर्क शेडचे गणित आणखी वेगळे. काळ्यानंतर पांढरा, मग निळा, मग पुन्हा काळा असे रंग बदलत असतील तर प्रत्येक रंगासाठी बूथ आणि सायक्लोन धुऊनपुसून घेणे परवडत नाही, आणि पांढऱ्यात काळ्याचे चार ठिपके दिसले तरी अख्खा लॉट परत येतो. तिथे खाली पडलेली पावडर बहुधा फेकलीच जाते. म्हणून पहिल्याच फवाऱ्यात किती बसले याला लहान शेडमध्ये मोठ्या कारखान्याहून जास्त किंमत आहे. मोठ्या लाइनवर खराब अर्थिंगचा तोटा सायक्लोन काही काळ लपवू शकतो. लहान शेडमध्ये तो त्याच दिवशी कचऱ्याच्या पिंपात दिसतो.

विजेऐवजी उष्णतेवर चालणाऱ्या पद्धतीला माझा मुद्दा लागू पडतो का? पावडर कोटिंगची सुरुवात खरे तर तिथूनच झाली. जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लुइडाइज्ड बेडची पद्धत विकसित केली. टाकीच्या तळाशी सच्छिद्र पाट, त्याखालून मंद हवा. हवा शिरली की पावडर उकळी येऊ घातलेल्या दुधासारखी फुगते आणि द्रवासारखी वागू लागते. दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापवलेला जॉब तिच्यात काही सेकंद बुडवला की टेकणारे कण वितळून चिकटतात आणि २५० मायक्रॉनहून जाड थर सहज मिळतो. नायलॉन, पॉलिथिलीन यांसारख्या पावडरी अशा लागतात. तारेच्या जाळ्या, डिशवॉशरचे रॅक, पाण्याच्या लाइनचे व्हॉल्व्ह ही तिची कामे. इथे अर्थिंग लागत नाही. पण विजेच्या जागी उष्णतेचा हिशेब तेवढ्याच काटेकोरपणे करावा लागतो. जाड भागात उष्णता जास्त साठते, तिथे थर जाड. पातळ पत्रा बाहेरच्या हवेत लगेच निवतो, तिथे थर पातळ आणि खडबडीत. भट्टीचे तापमान वाढवून हा फरक मिटत नाही, उलट जाड भागावर रंग ओघळतो. म्हणजे जोर वाढवण्याची सवय इथेही तशीच नडते. दोन्ही पद्धतींचा मेळ काँक्रीटमध्ये घालायच्या, इपॉक्सी चढवलेल्या सळईत दिसतो. ब्लास्टिंग करून साफ केलेली सळई सुमारे २३० अंशांना तापवून भारित पावडरच्या ढगातून नेतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका पुलावर १९७३ साली ती प्रथम वापरली गेली. भारतात तिच्यासाठी आयएस १३६२० हे मानक १९९३ मध्ये आले. फ्लोरिडाच्या कीज बेटांवरील पुलांत १९८० च्या दशकात अशाच सळया गंजलेल्या आढळल्या, आणि थरातली बारीक छिद्रे व हाताळताना पडलेले ओरखडे यांच्याकडे लक्ष वळले. सळईच्या आडव्या कण्यांच्या बुडाशी थर नेमका कसा बसतो हे पाहणे म्हणूनच सरासरी जाडीपेक्षा महत्त्वाचे आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. जाणते लोक म्हणतील, रंग सोलला जातो तो आधीच्या सफाईमुळे. तेल राहिले, गंज राहिला, फॉस्फेटचा थर नीट बसला नाही, तर गन आणि हूक कितीही उत्तम असले तरी काय उपयोग? हे मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडे लोखंडासाठी ‘सेव्हन टँक’ म्हणून ओळखली जाणारी प्रक्रिया, म्हणजे तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटिंग, पॅसिव्हेशन आणि मधले पाण्याचे धुवे, तिच्यातल्या प्रत्येक टाकीचे पाणी आणि रसायन रोज तपासायला हवे. ऑक्सिजनने लेझर कटिंग केलेल्या पत्र्याच्या कडेवर ऑक्साइडचा पापुद्रा राहतो, तो आधी काढला नाही तर रंग त्या पापुद्र्यासकट निघतो. पण सफाई आणि फवारणी हे दोन वेगवेगळ्या प्रश्नांचे उपाय आहेत. सफाई ठरवते रंग किती घट्ट धरेल; फवारणी ठरवते रंग आहे की नाही. खाचेच्या तळाशी १५ मायक्रॉनचा विरळ थर असेल तर खाली उत्तम फॉस्फेट असूनही पाणी पोचते आणि गंज तिथूनच सुरू होतो. धारदार कडेवर तर वितळलेला रंग पृष्ठताणामुळे मागे सरकतो आणि कड उघडी पडते, म्हणून कड थोडी गोल करून घ्यावी लागते. गंजाच्या तक्रारींत सपाट भाग क्वचित असतो. तक्रार येते ती कोपऱ्याची, वेल्डची, कडेची.

परतीची वाट किती निर्णायक आहे याचा चांगला पुरावा धातूच्या बाहेर सापडतो. एमडीएफच्या फळीवर पावडर लावतात तेव्हा फळी आधी थोडी तापवतात. लाकडातला थोडासा ओलावा पृष्ठभागाकडे येतो आणि फळी भार वाहून नेण्याइतपत वाहक होते. अगदी कोरडी फळी पावडर धरत नाही. काच किंवा प्लॅस्टिकला आधी वाहक प्रायमर द्यावा लागतो. गन तीच, पावडर सारख्याच तत्त्वाची, व्होल्टेजही साधारण तेच. बदलते ती फक्त भार निघून जाण्याची सोय, आणि तिच्यावर सारे काम अवलंबून असते.

हूक साफ करण्याला मजुरी लागते, जाळण्याला गॅस लागतो, हे शेडचालकाचे गाऱ्हाणे खोटे नाही. दर किलोमागे किंवा चौरस फुटामागे ठरलेल्या जॉबवर्कच्या भावात हा खर्च कुठेच धरलेला नसतो, आणि काम देणारी कंपनी त्याबद्दल विचारतही नाही. म्हणून बदल काम देणाऱ्याच्या कागदावरून सुरू व्हावा असे मला वाटते. परचेस ऑर्डरवर सहसा ‘६० ते ८० मायक्रॉन’ एवढेच लिहिलेले असते, आणि तपासणारा जाडी मोजण्याचे मीटर सपाट, सोयीच्या जागी टेकवून समाधान मानतो. स्थापत्य-ॲल्युमिनियमसाठीच्या क्वालिकोट नियमांत सरासरी ६० मायक्रॉनच्या अटीबरोबर आणखी एक अट आहे: मोजलेल्या कुठल्याही जागी जाडी त्या किमान आकड्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ४८ मायक्रॉनखाली, जाता कामा नये. अशी किमान जाडीची अट लोखंडी जॉबच्या ऑर्डरमध्येही घालता येईल. ड्रॉइंगवर आतला कोपरा, वेल्ड आणि कड या तीन जागा खुणा करून द्याव्यात आणि वाचन तिथलेच मागावे. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला टांगलेल्या चार-पाच जॉबवर मेगर लावून रोध नोंदवावा, ती वही लॉटबरोबर पाठवावी, आणि हूक साफ करण्याचा खर्च दरात वेगळा लिहून द्यावा. चाळीस-पन्नास लाखांची ऑटोमॅटिक लाइन घेण्याचा विचार करणाऱ्यानेही आपल्या जुन्या गनवर आणि साफ केलेल्या हुकांवर महिनाभर ही नोंद ठेवून पाहावी, आणि मगच कोटेशन मागवावे.